सुटा पंख

दगड मी फोडला. भिंगातून बघून ह्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो मात्र ‘सरोज’.

मी शेजारीच उभी होते. हातोडी माझ्या हातात होती, छिन्नी पायाशी पडली होती आणि केसांत दगडाची भुकटी होती. सिरोंच्याच्या पलीकडे प्राणहितेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आम्ही तंबू ठोकला होता. तिथला मातकट दगड खारी बिस्किटासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. दिवसभर पापुद्रे सोडवायचे, ओल्या बोटाने पुसायचे, भिंगातून बघायचे आणि टाकून द्यायचे, हे आमचं काम. त्या दुपारी एक पापुद्रा सुटला आणि आत करंगळीच्या नखाएवढा किडा निघाला. पंख पसरलेले, लांबलचक पाय, डोकंसुद्धा शाबूत.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“अं?” भिंग ह्यांच्या डोळ्याला तसंच चिकटलेलं होतं. “सरोज म्हणायची, या ओढ्यात कधीतरी माशी सापडेल. सापडली बघ.”

“सापडली नाही. मी काढली.”

“तेच ते,” हे म्हणाले.

तेच ते कसं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओढ्यात भांडून उपयोग नव्हता, आणि किडा खरोखरच बघण्यासारखा होता. मी भिंग ह्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं.

एका माशीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. आमच्या सासूबाईंना तर शेवटपर्यंत वाटत होतं. “घरात काय कमी आहेत, म्हणून जंगलात जाऊन शोधता?” असं त्या दर हिवाळ्यात विचारायच्या. पण गंमत अशी आहे की किड्यांना साधारणपणे चार पंख असतात. माशी, डास, चिलट या मंडळींना मात्र दोनच. मागचे दोन पंख कधीकाळी आखडत आखडत गेले आणि त्यांच्या दोन बारीक काड्या झाल्या, टोकाला गोळा असलेल्या. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना माशीचा तोल त्या सांभाळतात, म्हणून तर ती आपल्या हाताला लागत नाही. हे सगळं कसं आणि कधी घडलं हे समजायला फार जुनी माशी मिळावी लागते, आणि आमचा ओढा बावीस कोटी वर्षांचा होता. माशी नुकती कुठे माशी व्हायला लागली होती, तेव्हाचा. आपल्याकडे इतकी जुनी माशी तोवर कुणाच्याच हाती आली नव्हती.

भिंगातून मला तो गोळा दिसला. छातीच्या बाजूला, पंखाच्या मागे, मोहरीपेक्षाही कितीतरी लहान, पण दिसला. मागचा पंख नव्हता, त्याच्या जागी काडी होती. माझे डोळे भरून आले. ह्यांचेही आले होते, पण ते कुणासाठी हे मला माहीत होतं.

सरोज म्हणजे ह्यांची पहिली बायको. मी नागपूरच्या आमच्या जीवाश्म-संशोधन संस्थेत विद्यार्थिनी म्हणून आले त्याच्या बऱ्याच आधी ती काविळीने गेली होती. मी तिला कधी पाहिलं नाही. पाहिला तो फक्त तिचा फोटो, संस्थेच्या जिन्यात लावलेला: जीपच्या टपावर बसलेली, डोक्यावर ह्यांची टोपी, हसणारी. सगळी संस्था त्या फोटोखालून जाताना आवाज खाली आणायची. तिने पहिल्यांदा हा ओढा हुडकला. तिने किड्यांचा विभाग उभा केला. तिच्या हातच्या पोह्यांची चवसुद्धा लोकांच्या लक्षात होती. मी तिच्या नवऱ्याशी लग्न केलं, तिच्या विभागात काम केलं, तिच्या स्वयंपाकघरात पोहे केले, आणि सगळ्यांनी ते गुमान खाल्ले.

जिवंत सवत असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं. ती जाड झाली असती, कुणाशी तरी वाकडी वागली असती, तिची भाजी एखाद्या दिवशी खारट झाली असती. मेलेल्या बाईचं काहीच बिघडत नाही. मी तिच्यावर जळायचे, आणि ते लपवायचा मी कधी फारसा प्रयत्नही केला नाही. ह्यांना ते दिसत नव्हतं, एवढंच.

त्या संध्याकाळी तंबूबाहेर चहा घेताना हे म्हणाले, “लेखावर पहिलं नाव तुझं. दगड तू फोडलास.”

मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्या कपात आणखी चहा ओतला. माझं नाव आधी असलेला तो पहिलाच लेख होणार होता. इतकी वर्षं ह्यांच्या नावामागून माझं नाव जायचं.

“आणि नाव,” हे चहा फुंकत म्हणाले, “सरोजचं देऊ. सरोजी. कसं वाटतं?”

नवीन किडा सापडला की त्याला नाव द्यावं लागतं, आणि ते एकदा छापलं की जग बुडेपर्यंत तेच राहतं. पुढे कुणाला आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. स्वतःचं नाव मात्र स्वतः द्यायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. दुसऱ्याने द्यायचं असतं. माझ्या मनात काही होतं का? होतं. हे म्हणतील, ‘सुनीती, नाव मी देतो,’ असं ओढ्यापासून तंबूपर्यंत येताना माझ्या मनात येऊन गेलं होतं.

“मग तुम्हीच द्या,” मी म्हटलं. “लेख तुम्ही लिहा.”

“मी दिलं तर लोक म्हणतील, बायकोचं कौतुक चाललंय. तू दिलंस तर शोभून दिसेल. मोठेपणा दिसेल.”

“कुणाचा?”

“तुझा,” हे अगदी मनापासून म्हणाले.

हा माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्याला खरंच वाटत होतं की तो मला काहीतरी चांगलं देतोय. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? जिच्यावर सगळं गाव जीव टाकतं तिला नाव नाकारणारी दुसरी बायको मी, हे चित्र मला परवडणारं नव्हतं.

नागपूरला परतल्यावर मी चित्र काढायला बसले. सूक्ष्मदर्शकाला एक लहानसा आरसा लावतात, म्हणजे दगड आणि कागद एकदम दिसतात आणि पेन्सिल सरळ शिरांवरून फिरवता येते. किड्याच्या पंखातल्या शिरा म्हणजे आमच्या धंद्यात अंगठ्याचा ठसा. कोणती शीर कुठे फुटते, कुठे आडवी रेघ जाते, यावरून घराणं ठरतं. मी सकाळभर शिरा काढत होते. चौथी शीर काढली. तिला टोकाजवळ फाटा होता, आणि फाट्याच्या जरा अलीकडे एक आडवी शीर होती, तिरकी, मधेच कोपर मोडल्यासारखी वळलेली.

पेन्सिल थांबली. ही शीर मी याआधी पाहिली होती.

सरोजचे सगळे लेख मला पाठ होते. जिच्यावर जळायचं तिचं सगळं वाचलेलं असावं लागतं. तिने याच ओढ्यातला एक सुटा पंख छापला होता, तिचं लग्न नवीन असताना. नुसता पंख, बाकी किडा नाही. तिने तो विंचूमाशीचा ठरवला होता. नावात माशी असली तरी विंचूमाशी ही माशी नव्हे, तिला चांगले चार पंख असतात. पण तिच्या आणि जुन्या माश्यांच्या पंखांतल्या शिरा इतक्या सारख्या असतात की सुटा पंख हाती आला तर कुणीही चकेल. मागे गोळा आहे की दुसरा पंख, हे दिसल्याशिवाय सांगता येत नाही. सरोजला ते दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलं होतं.

मी कपाटातून तिचा लेख काढून चित्र समोर ठेवलं. शीर न् शीर जुळत होती.

सत्याची चाड वगैरे जे म्हणतात ते नंतर आलं. आधी मला आनंद झाला, तोही साधासुधा नाही. सरोज चुकली होती! जिन्यातल्या फोटोतली, पोह्यांची, टोपीची सरोज चुकली होती, आणि छापील चुकली होती. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आरशात बघितलं असतं तर माझीच मला लाज वाटली असती, पण संस्थेत तोंड बघायचा आरसा नव्हता.

मग डोक्यात पुढचा हिशोब आला आणि मी पुन्हा बसले. पंख एकच असेल, तर आमचा किडा नवा नव्हता. त्याला सरोजने आधीच नाव दिलेलं होतं, आणि आमच्या नियमाने जुनं नाव टिकतं. चुकीच्या घराण्यात टाकलेला असला तरी किड्याचं नाव जात नाही. आणि तिने दिलेलं नाव काय? जयवंती. ह्यांच्या नावावरून. तेव्हा नुकतीच लग्न झालेली बाई, आणखी कुणाचं देणार?

म्हणजे मी गप्प बसले तर माशीला सरोजचं नाव, आणि बोलले तर सरोजने दिलेलं ह्यांचं नाव. दोन्ही दारांत तीच उभी!

तरीही चित्रावर विसंबून चालत नाही, मूळ दगड बघावा लागतो. मी खाली संग्रहाच्या खोलीत गेले. तिथे घोरमाडे असत. सरोजच्या वेळेपासूनचे. त्यांच्या लेखी बाई म्हणजे सरोजबाई, आणि मी म्हणजे ‘मॅडम’.

“घोरमाडे, सरोजबाईंचा तो विंचूमाशीचा पंख द्या हो जरा.”

“थो नाही हाय,” घोरमाडे किल्ल्यांचा जुडगा चाळवत म्हणाले.

“नाही म्हणजे? कुणी नेला?”

“साहेबानं नेला न बाप्पा. तुमी सिरोंच्याहून आल्या, त्याच दिशी. पेटीबी उतरवली नव्हती म्या, तं साहेब म्हने, घोरमाडे, बाईचा पंख काढा पयले.”

“काय करायचं म्हणाले?”

“म्या कायले इचारू? बाईचा दगड हाय, साहेबाले आठवन आली असन.”

मी जिना चढून वर आले. फोटोखालून जाताना माझी मान वर गेली की खाली, ते आठवत नाही. ह्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. हे काहीतरी तपासत बसले होते.

“सरोजचा पंख कुठाय?” मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मेजाचा खण ओढला, कापसात ठेवलेला तो दगड काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“कळलं वाटतं तुला,” हे म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं?”

“ओढ्यातच. भिंग लावलं तेव्हाच.”

“म्हणून तिचं नाव घेतलंत?”

“तो पंख तिने माझ्यासमोर बसून काढलाय, सुनीती. किती वेळा खोडला, किती वेळा काढला. ती वाकडी शीर मी झोपेत ओळखेन.”

 मला वाटलं होतं ओढ्यात ह्यांना फक्त तिची आठवण झाली. आठवण मी सहन केली असती. ह्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि त्यानंतर तंबूबाहेर बसून हे माझ्याशी चहा घेत पहिल्या नावाचं बोलले होते.

“म्हणजे आपला किडा नवा नव्हेच,” मी म्हटलं.

“वेगळा मानता येईल. तो नुसता पंख, हा पुरा किडा.”

“येईल का?”

ह्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसतात तसा शर्टाच्या टोकाने पुसला. “नाही,” हे म्हणाले. “एकच आहे.”

“आणि तरीही नवा म्हणून छापणार होतात. माझ्या नावावर.”

“तिने विंचूमाशी म्हटलं होतं. आता आपण माशी म्हटलं की ती चुकली असं जगजाहीर होईल. तिने केलेलं एवढंच तर काम शिल्लक आहे. ते चुकीचं ठरवायचं आणि तिने काही बोलायचं नाही?”

“तिच्या जागी कुणीही चुकलं असतं. असंच लिहू.”

“लोक ते वाचत नाहीत. लोक एवढंच वाचतात की चूक झाली.”

“आणि उद्या परदेशातला कुणी आला, त्याने दोन्ही दगड शेजारी ठेवले, तर? तो म्हणेल, या बाईला आपल्याच संस्थेतला पंख ओळखता आला नाही. कोण बाई? मी!”

“तेव्हा तू सांगू शकशील. म्हणशील, लक्षात आलं नाही. होतं असं. तू आहेस उत्तर द्यायला.” ह्यांनी पंखाचा दगड जरा सरळ केला. “ती नाही.”

“मी आहे म्हणून माझी चूक चालेल?”

“तसं नाही म्हटलं मी.”

“तसंच म्हटलंत, अहो.”

ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी तिथे उभी राहून त्या पंखाकडे बघत राहिले. मला वाटायचं, हे मला सरोजच्या जागी धरतात आणि मी तिच्याएवढी होत नाही, एवढंच माझं दुःख. तसं नव्हतं. मला जागाच नव्हती. तिच्या अंगावर येणारा दगड अडवायला ह्यांना कुणीतरी उभं करायचं होतं, आणि मी आयती हाताशी होते. एवढी मी कुणावर जळले नव्हते, त्या दुपारी सरोजवर जळले तेवढी. तिने मरूनसुद्धा हे मिळवलं होतं, आणि मी समोर उभी राहून मिळवू शकत नव्हते.

“लेख मी लिहिणार,” मी म्हटलं. “आणि आहे तसा लिहिणार.”

“मग माझं नाव काढ त्यातून.”

“का?”

“तिला माझ्या हाताने चूक नाही ठरवायचं मला.”

“ठीक आहे,” मी म्हटलं. “माझ्या हाताने ठरवते.”

लेख मी एकटीने लिहिला. सरोजने जयवंती म्हटलेला पंख विंचूमाशीचा नसून माशीचा आहे, असं सिद्ध केलं. किड्याच्या नावाचे दोन भाग असतात, आधी वंशाचं नाव आणि मागून त्याचं स्वतःचं. माशीच्या घराण्यात आणल्यामुळे तिला नवा वंश द्यावा लागला, त्याचं नाव मी प्राणहितेवरून ठेवलं. त्यामुळे त्या माशीचं पहिलं नाव मी दिलेलं आहे, दुसरं सरोजने दिलेलं आहे, आणि ते ह्यांचं आहे. आम्ही तिघं तिथे एकाच खोलीतल्या भाडेकरूंसारखे कायमचे राहतो आहोत. लेखात मी तिच्याविषयी एकही वाकडा शब्द लिहिला नाही. उलट, उपलब्ध पुराव्यावरून दुसरा निष्कर्ष निघणं अशक्य होतं, असं स्पष्ट लिहिलं. ते खरंच होतं, आणि ते लिहिताना मला अजिबात बरं वाटलं नाही.

संस्थेत बातमी पसरली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. घोरमाड्यांनी मात्र माझ्या टेबलावर चहा आणणं बंद केलं. इतरांना द्यायचे, माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तुमाले गोड नाही चालत न, मॅडम.” मला गोड चांगलं चालायचं.

लेख पाठवायच्या दिवशी मी लेखकाचं नाव टाईप करत होते. हे मागे येऊन उभे राहिले. त्या दिवसांत आमचं बोलणं भाजी-दूध याच्यापुढे जात नव्हतं, म्हणून मला नवल वाटलं.

“माहेरचं नाव लाव,” हे म्हणाले. “देवपुजारी. आधीचे तुझे लेख त्याच नावाने आहेत.”

“का? उमाठे लावायला हरकत आहे?”

“हरकत नाही. घोळ होईल. ती एस. जे. उमाठे, तूही एस. जे. उमाठे.”

आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव येतं आणि मागे नवऱ्याचं आडनाव. सरोज जयवंत, सुनीती जयवंत. परदेशी मासिकात त्याची नुसती अक्षरं उरतात, आणि आमची दोघींची अक्षरं एकच होती. ह्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण मला ते तसं ऐकू आलंच नाही. मला वाटलं, उमाठे हे नाव त्यांना तिच्यासाठी राखून ठेवायचंय. तिचा टपावरचा फोटो, तिचा ओढा, तिचा पंख, आणि आता आडनावसुद्धा.

“मीही लग्न करूनच आलेय या घरात,” मी म्हटलं आणि ठसठशीत अक्षरांत उमाठे टाईप केलं.

हे निघून गेले. देवपुजारी लिहिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

पुढच्या हिवाळ्यात लखनौला परिषद होती. देशोदेशीचे लोक आले होते. लेखाचा बोलबाला झाला होता, माझं भाषणही चांगलं झालं. हे पहिल्या रांगेत बसले होते, हाताची घडी घालून. भाषण संपल्यावर चहाच्या वेळी गर्दीतून एक वयस्क रशियन बाई वाट काढत आमच्याकडे आल्या. डॉ. तमारा झिमिना. जन्मभर दगडातल्या माश्यांचं काम केलेल्या, केस पांढरे शुभ्र, हातात काठी. त्यांचं काम वाचून मी मोठी झाले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“प्रोफेसर उमाठे,” त्या जड इंग्रजीत म्हणाल्या, “मला तुमच्या माशीपेक्षा तुम्हीच जास्त आवडलात.”

“मी?”

“माणूस तरुणपणी चूक करतो. आम्ही सगळ्यांनी केल्या. पण इतक्या वर्षांनी स्वतःची चूक स्वतः शोधायची, स्वतः छापायची, स्वतःच्याच नावाने! मी आमच्या विद्यार्थ्यांना तुमचा लेख वाचून दाखवते. सांगते, बघा, ही बाई.”

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. त्यांच्या लेखी उमाठे एकच होती. पंख विंचूमाशीचा ठरवणारी मीच, आणि तो माशीचा ठरवणारीही मीच. मी ह्यांच्याकडे बघितलं.

हे माझ्या शेजारीच उभे होते, कप हातात धरून. त्यांनीही ऐकलं होतं. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते वाक्य ह्यांच्याच तोंडी शोभलं असतं. हे कपात बघत राहिले. चेहरा इतका शांत, की गेल्या वर्षभरात मी तसा पाहिला नव्हता. मी नुसतं हसून आभार मानले असते, तर सरोज कधी चुकलीच नव्हती असं झालं असतं. चूक माझी, दुरुस्ती माझी, आणि ती पुन्हा जशीच्या तशी. ह्यांनी मला माहेरचं नाव लावायला सांगितलं होतं हे खरं. पण आता आयतं समोर आलेलं त्यांना नको नव्हतं.

आणि मला? एवढा मान मला कधी कुणी दिला नव्हता. झिमिनाबाईंच्या हातात माझा हात होता. तो सगळा मान ठेवून घ्यायचा तर तिची चूकही ठेवून घ्यावी लागणार होती. तिचं काहीही, अगदी चूकसुद्धा, मला माझ्या अंगावर नको होतं.

“ती मी नव्हे,” मी म्हटलं. “ती सरोज उमाठे. ह्यांची पहिली बायको. मी दुसरी.”

झिमिनाबाईंनी माझा हात सोडला नाही. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“असं होय! मला माहीत नव्हतं. मग त्या काय म्हणाल्या? त्यांना पटलं का?”

“त्या वारल्या. पुष्कळ वर्षं झाली.”

“अरेरे.” त्यांनी मान हलवली. मला वाटलं विषय संपला. पण आयुष्यभर दगड वाचलेली बाई ती. त्यांनी हळूच विचारलं, “मग हे इतक्या बारकाईने पटवून कुणाला द्यायचं होतं?”

‘विज्ञानाला’ हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. पण माझ्याआधी हे बोलले.

“मला,” हे म्हणाले.

झिमिनाबाई थांबून राहिल्या. मीही थांबले. कारण त्याच्यापुढे एक शब्द यायचा होता आणि तो ह्यांनीच म्हणायचा होता. ह्यांनी कप टेबलावर ठेवला, रुमालाने मिशी पुसली आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणाले. ‘पटलं’ असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. पुढे आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र काढली, चांगली काढली. त्यांच्या शेवटच्या आजारपणातही मी उशाशीच असायचे. तो शब्द त्यांनी कधीच उच्चारला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही, कारण विचारून मिळालेला मला नको होता.